वाकडा खिसा

गोधडीला मधोमध नेमका एक तुकडा कमी पडला, तेव्हा बेबीताईंनी सुई कापडात टोचून ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. रामराव शेजारीच चष्मा नाकावर ओढून दुसऱ्या सुईत दोरा ओवत बसले होते. घरातल्या शिवणकामात त्यांना एवढंच खातं मिळालं होतं. कात्रीला हात लावायची मुभा नव्हती.

"मधातलं कापड इवाईकडचं पाह्यजे," बेबीताई म्हणाल्या. "आपल्याकडचं समदं झालं. पोरगी दोन्ही घरची हाय, तं गोधडीत बी दोन्ही घरं आली पाह्यजेत."

इवाई म्हणजे व्याही, बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचे, निकिताचे सासरे उकंडराव. ते त्याच दिवशी महागावहून नातीचं तोंड पाहायला येणार होते. "वापरून मऊ झालेलं एखादं कापड घेऊन येजा," असा निरोप बेबीताईंनी त्यांना आधीच धाडला होता. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या अंगाला काचते. म्हणून लेकराच्या अंगाला आधी जुनंच लागावं, हा त्या घरातला रिवाज होता.

आता बेबीताईंच्या हाताबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण बाभुळगावच्या आजूबाजूला तो हात ठाऊक नाही असं बाळंतिणीचं घर सापडायचं नाही. त्यांनी शिवलेलं टोपरं लेकराच्या कानावरून कधी सरकत नसे. झबल्याची शिवण त्या बाहेरच्या बाजूला घेत, म्हणजे आत काही टोचायला नको. नातीसाठी राईची उशी झाली होती, आणि पाळण्यावर चिंध्यांच्या चिमण्या लटकत होत्या. चिमण्यांच्या पोटात घरच्या शेतातला कापूस होता, एकीच्या पोटात मात्र नुसती सरकी, म्हणजे ती हलली की खुळखुळावी. ही कल्पना कुठल्या दुकानातल्या माणसाला सुचली असती, असं रामरावांना वाटत नव्हतं. बायकोचं त्यांना भारी कौतुक होतं, आणि ते अगदी खरं होतं.

फक्त एक होतं. इतकी वर्षं लेकरांचंच शिवून बेबीताईंचा हात लहान मापावर बसला होता. गेल्या दिवाळीला त्यांनी हौसेने नवऱ्यासाठी बंडी शिवली. शिवण देखणी, काजं तर अशी की बघत राहावं. पण बटणं काही त्या काजांपर्यंत पोचत नव्हती. रामराव सणासुदीला श्वास धरून ती बंडी घालत, आणि बायकोने विचारलं की "फस्कलास!" म्हणत. श्वास धरलेल्या माणसाला याहून जास्त बोलता येत नाही.

उकंडराव आले ते भर उन्हात. अंगाने दणकट, पण लाजाळू माणूस. नातीला ओंजळीत घेऊन डोळे पुसले, हातातली प्लास्टिकची पिशवी हळूच दिवाणाखाली सरकवली, आणि आमरसाचं जेवण पोटभर करून म्हणाले, "थोडा पडतो जी कूलरसमोर." घामाने चिंब झालेला शर्ट त्यांनी बैठकीतल्या खुंटीला टांगला, आणि बनियनवर आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले ते थेट घोरायलाच लागले.

रामरावांनी खुंटीकडे पाहिलं. शर्टाची कॉलर विरलेली होती. मूळचा निळा रंग आता आठवणीपुरता उरला होता. छातीवरचा खिसा असा कलता होता, की त्यात पेन ठेवला तर तो बाहेर डोकावून बघेल. नातीला पहिल्यांदा बघायला जाताना शहाणा माणूस असला शर्ट अंगात घालून येईल का? गोधडीसाठीच आणला असणार, आणि जुनं कापड हातात द्यायची लाज वाटली म्हणून अंगात घालून आला असणार. रामरावांना आपल्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

बेबीताई चुलीकडे भांडी आवरत होत्या. कात्री गोधडीवर पडली होती. एवढी वर्षं फक्त दोरे ओवलेल्या माणसाला आज काहीतरी करून दाखवायची सुरसुरी आली. त्यांनी बाह्या कापल्या, पाठ कापली, पुढचा भाग खिशासकट चौकोनी कातरला, पाण्यातून काढून उन्हात झटक्यात वाळवला आणि बायकोपुढे नेऊन धरला.

"हे घे! इवाईनं आणलं."

बेबीताईंनी कापड गालाला लावून पाहिलं. "काय मऊ हाय वो! लोण्यावानी." मग त्यांची नजर खिशावर गेली आणि त्या हसल्या. "माय! हा खिसा कोणं शिवला? बैलगाडीत बसून शिवला काय?"

"काढून टाकू?" रामरावांनी कात्री उचलली.

"थांबा." बेबीताईंनी कापड उजेडात धरलं. खिशाच्या कडेला जुन्या टाक्यांची बारीक भोकं दिसत होती. एक ओळ, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. त्यांचं हसू मावळलं. "तीन खेपा उसवून शिवला हाय हा. ज्या कोणी शिवला तिले येत नोतं, पण तिनं जीव लावला. राहू द्या. वाकडा तं वाकडा. आपल्या लुगड्याले खिसा नसते, पोरीले तरी असू द्या."

त्यांनी तो तुकडा मधोमध बसवला आणि चारी बाजूंनी बारीक धावदोरा घातला. नात बाळंतिणीच्या खोलीत रडत होती. नव्या गोधडीवर ठेवताच ती गप्प झाली आणि झोपून गेली. रामराव ओसरीत येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कात्रीचं चीज झालं होतं.

उन्हं कलली तेव्हा उकंडराव उठले, तोंड धुतलं आणि खुंटीपाशी गेले. खुंटी रिकामी होती.

"इवाई, माहा शर्ट कोठी गेला जी?"

रामराव ओसरीतून उठून आले. "कोन्ता शर्ट?"

"अंगावरचा! एकच तं आनला. आता चहाच्या टायमाले आमच्या घरचीचा फोन येईन, व्हिडिओवाला. थो शर्ट तिनं शिवला हाय. उभ्या जन्मात तिनं तेवढाच एक शिवला. आमच्या पोराच्या, कपिलच्या साक्षगंधात थोच घातला, लग्नात थोच घातला. आज बी निघताना म्हणे, माह्या हातचा घालून जा, नातीचं तोंड पाहाले चालले."

रामरावांच्या सगळं लक्षात आलं. निकिताला पुढचं सगळं आयुष्य त्या घरात काढायचं होतं. सणावाराला, भांडणातंट्यात, पाहुण्यांसमोर तिला सासूकडून ऐकावं लागणार होतं की तुझ्या बापाने माझा जन्मातला एकुलता एक शर्ट कापला.

"धुवाले टाकला," रामराव म्हणाले. "घामानं भरला होता ना."

"मग वल्लाच द्या! या उन्हात अंगावरच वाळते."

यवतमाळच्या उन्हात कपडा न वाळण्याची सबब टिकत नाही, हे रामरावांना खोटं बोलून झाल्यावर सुचलं. तेवढ्यात बेबीताई चहा घेऊन आल्या.

"डाव्या बाजूनं खिसा हाय, इहीनबाई," उकंडराव विहिणीला सांगू लागले, "जरासा कलता..."

बेबीताईंनी चहाचे कप खाली टेकवले. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की रामराव आपणहून स्वयंपाकघरात चालत गेले.

"अंगातला शर्ट कापला तुमी?"

"अंगातला नाही, खुंटीवरचा."

"अन् मी म्हणलं बैलगाडीत बसून शिवला! माह्या लेकीच्या सासूले!" बेबीताईंनी कपाळाला हात लावला. "जा. पहिले जाऊन खरं सांगा."

"सांगतो," रामराव म्हणाले, आणि ते खरोखर सांगायलाच निघाले होते. पण ओसरीत बनियनवर बसलेल्या व्याह्याचं आशेने भरलेलं तोंड दिसलं आणि जीभ घसरली. "इवाई, शर्ट... माकडानं नेला."

हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही घरासमोर बोललं असतं तर चाललं असतं. पण शेजारी पूनमसिंग राहत होता, आणि त्याचं माकडांशी वैर होतं. सालभर त्यांनी त्याच्या टिनाच्या छपरावर नाचून त्याची झोप उडवली होती. "कोन्या माकडानं?" म्हणत तो काठी घेऊनच बाहेर आला. त्याच्या मागे अर्धी गल्ली निघाली. चिंचेच्या झाडाखाली हाकाटी झाली, टिनांवर दगड वाजले, आणि थोड्या वेळाने पूनमसिंग विजयी मुद्रेने परतला. त्याच्या काठीला एक हिरवं पोलकं, एक पायमोजा आणि होळीपासून हरवलेली त्याची स्वतःचीच लुंगी लटकत होती.

"यातला कोन्ता तुमचा?" त्याने विचारलं.

उकंडरावांनी पोलक्याकडेसुद्धा नीट पाहिलं. मग मान हलवली आणि ते मटकन खाली बसले. "आता तिले काय सांगू जी मी? तिले वाटन, मीनंच कोठी तरी फेकला."

रामरावांना भडभडून आलं. त्यांनी कपाटातून होती ती सगळ्यात चांगली वस्तू आणली. ती बंडी होती. ती द्यावीशी वाटण्यात कणव किती आणि बंडीपासून सुटण्याची आशा किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

उकंडराव रामरावांच्या दीडपट होते. दोघांनी मिळून त्यांना बंडीत बसवलं. हात आडवे राहिले, ते खाली येईनात. पहिलं बटण लागलं आणि लगेच सुटून पूनमसिंगच्या चहाच्या कपात पडलं.

"कशी होते वो भाऊ?" बेबीताईंनी दारातून विचारलं.

"फस्कलास," उकंडराव कसेबसे म्हणाले. रामरावांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या एका शब्दात त्यांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

आणि आतून निकिताची हाक आली. "बाबा, सासूबाईचा फोन! समदे इकडं या."

आत जावंच लागलं. निकिता भिंतीला टेकून बसली होती. मोबाईलमध्ये पंचफुलाबाईंचा चेहरा होता, आणि निकिता तो लेकराच्या वर धरून दाखवत होती. गोधडीवर नात पालथ्या मुठी करून झोपली होती. तिची एक इवलीशी मूठ बरोबर त्या वाकड्या खिशात शिरली होती.

"दिसून राह्यली का जी, आई?"

"दिसते माय, दिसते. केवढी गोड हाय! अन् गोधडी तं..." पंचफुलाबाई बोलता बोलता थांबल्या. चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला, इतका की नुसतं नाक आणि कुंकू दिसायला लागलं. "थो खिसा... निकिता, थो खिसा माहा हाय काय?"

खोलीत पाळण्यावरची सरकीची चिमणी तेवढी वाजली. उकंडराव हात आडवे धरून गोधडीकडे बघत राहिले. रामराव पुढे झाले. आता माकडालाही मधे घालायची सोय नव्हती.

"इहीनबाई, मीनं कापला. गोधडीसाठी आनला असन असं वाटलं. चूक माही हाय. निकिताले काही बोलजा नका, जे बोलाचं थे मले बोला."

फोनमधून एक हुंदका यावा तसं काहीतरी आलं, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की पंचफुलाबाई हसत आहेत.

"सुटली वो माय मी! थो शर्ट पाह्यला का मले मेल्यावानी होत होतं. लग्नात समदे त्या खिशाकडं पाहत. दहादा वाटलं का पोछ्याले घ्यावा. पण यायले लय आवडे, म्हणून मी काही बोलत नोती."

"मले आवडे?" उकंडरावांचा आवाज फुटला. "बाह्या काचे मले थ्याच्या! तुले वाईट वाटन म्हणून घालत होतो मी!"

नवरा-बायको एकमेकांकडे फोनमधून बघत राहिले. मग बेबीताई पुढे आल्या आणि त्यांनी फोन हातात घेतला.

"इहीनबाई, एक विचारू? थो खिसा तुमी तीन खेपा उसवून शिवला ना?"

पंचफुलाबाईंचं हसणं थांबलं. "तुमाले कसं समजलं?"

"टाक्यांवरून. म्हणून तं मधात लावला. लेकराच्या छातीशी राहीन."

पंचफुलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "इतक्या दिवसांत समद्यायले खिसा वाकडा दिसला," त्या म्हणाल्या. "उसवलेलं कोणाले दिसलं नोतं." निकिताही रडायला लागली, आणि बाळंतिणीने रडू नये म्हणून बेबीताईंनी तिला दटावलं, तेव्हा त्यांचाच आवाज ओला झाला होता. रामरावांना त्या क्षणी बायकोचा एवढा अभिमान वाटला, की त्यांनी पूनमसिंगला तो दोनदा बोलून दाखवला.

मन हलकं झाल्यावर उकंडरावांना दिवाणाखालची पिशवी आठवली. "जुनं कापड नेणं काही बरं दिसत नोतं जी," ते लाजत म्हणाले, "म्हणून नवं घेतलं होतं." पिशवीतून चांगलं कडक पांढरं कापड निघालं.

बेबीताईंनी ते बोटांत चोळलं. "लेकराले तं नाही चालत. खळ लय हाय." मग त्यांचा चेहरा उजळला. "भाऊ! तुमचा शर्ट आमच्यापायी गेला. याचाच मी तुमाले शर्ट शिवून देतो! बारशाले माह्या हातचा घालजा."

उकंडरावांनी अंगातल्या बंडीकडे पाहिलं. मग रामरावांकडे पाहिलं. रामराव वर छपराच्या टिनाकडे पाहत होते. फोनमधून पंचफुलाबाई आनंदाने म्हणाल्या, "हो जी, घालतीन! माहा घातला तं तुमचा काहून नाही घालतीन!"

बेबीताई मापाची फीत आणायला गेल्या. तेवढ्यात रामराव व्याह्याच्या कानाशी लागले.

"इवाई, छाती भरून श्वास घ्या. पोट बी फुगवा. अन् माप होईस्तोवर सोडू नका."

उकंडरावांनी ऐकलं. बंडीचं उरलंसुरलं बटणही गेलं, पण त्यांनी श्वास सोडला नाही. गाल फुगवून, डोळे वटारून ते उभे राहिले. बेबीताईंनी छातीभोवती फीत गुंडाळली, आकडा पाहिला आणि मायेने हसल्या.

"आमरसानं लय फुगले जी भाऊ तुमी," त्या म्हणाल्या. "मी चार बोटं कमीच धरतो."