पोह्यांच्या छापाचं ऑइल

रुपराव गोतमारे त्या दिवशी मार्टमध्ये गेले ते फक्त पोहे आणायला. नुसते पोहे घेऊन परत आले असते तर ही गोष्ट सांगायची पाळीच आली नसती. पण बिलाच्या रांगेत उभं असताना त्यांना शेजारच्या फळीवर निळ्या डब्यात इंजिन ऑइल दिसलं. डब्यावर तोच छाप होता, जो हातातल्या पोह्यांवर होता, पुढच्या गिऱ्हाइकाच्या टोपलीतल्या फिनाइलवर होता आणि घरी बेसिनवरच्या ब्रशवरही होता. म्हणजे दुकानाचं स्वतःचं ऑइल! आणि किंमत कंपनीच्या ऑइलच्या निम्मी.

रुपरावांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं. ग्रेड तोच, आकडा तोच, शिक्काही तोच. आता हा माणूस काही साधासुधा नव्हे. खापरखेड्याच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं टर्बाइनजवळ काढलेली. "तेल नावानं नाही, ग्रेडनं ओळखा" आणि "मशीन बिघडायच्या आधी बोलते, आयकणारा पाह्यजे" ही त्यांची दोन वाक्यं तिथं भिंतीवर लिहायचीच काय ती बाकी होती. (बत्तीस वर्षं टर्बाइनजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला ऐकू किती येत असेल, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नसे.) त्यांनी डबा पोह्यांसोबत पिशवीत टाकला.

अडचण एकच होती. गाडी त्यांची नव्हती.

मोरपंखी रंगाची ती स्कूटर वच्छलाबाईंची, म्हणजे त्यांच्या मिसेसची. अंगणवाडीच्या सुपरवायझर म्हणून रिटायर झाल्यावर बाईंनी ती हौसेनं घेतली. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि हँडल रुपरावांकडे आलं, पण मालकी मागच्या सीटवरच राहिली. "आयका," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हिच्यात कंपनीचंच ऑइल टाकाचं. हिले काही झालं न, त मी जन्मात तुमच्या मागं बसणार नाही. ऑटोनं जाईन." बाई बोलल्या म्हणजे करणाऱ्या. चुलतजावेशी एकदा अबोला धरला तो सात वर्षांनी सोडला, आणि तोसुद्धा पंगतीत "वरण इकडे आणा" एवढं म्हणायला.

म्हणून रुपरावांनी काम गुपचूप उरकलं. धम्मदीपच्या गॅरेजमध्ये जुनं ऑइल काढलं, नवं टाकलं, डबा तिथंच सोडला, आणि शीळ वाजवत घरी आले.

घरी त्यांचे साळभाऊ, म्हणजे साडू, देवराव काटोलहून संत्री घेऊन आले होते. बाई आत चहा टाकत होत्या. रुपरावांच्या पोटात गुपित टिकत नाही, हे सगळ्या सक्करदरा मोहल्ल्याला माहीत आहे. त्यांनी पाच मिनिटांत देवरावांच्या कानात सगळं ओतलं.

"हे कायले केलं बाप्पा, भाऊजी?" देवराव म्हणाले. "आमच्या गावात एकानं असंच हलकं ऑइल टाकलं होतं. इंजिन एकदम नाही बसत, बरं का. आधी बारीक आवाज येते. मंग बसते."

"कसा आवाज?"

देवरावांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून आठवून पाहिलं. "कसा सांगू? कोणी दूर रडून राहिलं असन न, तसा."

एवढं बोलून ते चारच्या बसनं काटोलला निघून गेले. रुपराव त्या आवाजाची वाट पाहत बसले.

आता त्यांची गाडी चालवायची आधीची तऱ्हा सांगितली पाहिजे. टर्बाइनच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय जडलेली, त्यामुळे गाडीवर बसले की मान अर्धी मागे वळवून, पन्नासच्या स्पीडनं, अद्रकीच्या भावापासून रिंग रोडच्या नालीपर्यंत सगळ्यावर त्यांचं भाषण सुरू असे. बाईंच्या कानावर निम्मं पडे आणि निम्मं वाऱ्यावर जाई. त्या मागचा दांडा घट्ट धरून "हो, हो" म्हणत, आणि घरी आल्यावर डोक्याला बाम लावत.

त्या संध्याकाळी बाईंना मागे बसवून बाजारातून परतताना मात्र रुपराव वीसच्या वर गेले नाहीत. तोंडातून शब्द नाही. हेल्मेट एका कानावरून वर सरकवलेलं आणि मान किंचित खाली, इंजिनाकडे. घरी लवकर पोचलो तर गाडी बंद करावी लागेल आणि उद्या सुरूच झाली नाही तर? या धास्तीनं त्यांनी घराजवळच्या तलावाला वळसा घातला. मग अजून एक घातला.

थंडीचे दिवस होते. तलावावर धूर की धुकं, कळेना असं काहीतरी पांढरं उतरलं होतं. पलीकडच्या घरांचे दिवे त्यात विरघळून गेल्यासारखे दिसत होते. गाडी चालत नव्हतीच, नुसती तरंगत होती. रस्त्यानं पायी चाललेला एक माणूस बराच वेळ सोबत होता, मग तो पुढे निघून गेला. वच्छलाबाईंनी हळूहळू मागचा दांडा सोडला. आपण कुठं जातोय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना विचारावंसंच वाटलं नाही.

"आयकलं का?" त्या हळूच म्हणाल्या.

रुपरावांनी ब्रेकवर बोटं ठेवली. "तुले बी आयकू आला?"

"कवाचा येऊन राहिला."

"चौकापासून?"

"नाही, तलावापासून. किती दुरून येते, न किती बारीक!"

"रडल्यासारखा?"

"हो, बरोबर! रडल्यासारखाच. पण गोड."

"बंद करू का गाडी?"

"कायले बंद करता? अजून हळू घ्या न."

रुपरावांनी गाडी पंधरावर आणली. तलावाच्या पलीकडे बँडवाल्यांची लग्नसराईची तालीम सुरू होती आणि एक नवशिका क्लॅरिनेटवर एकच सूर धरून बसला होता. बाईंनी डोळे मिटले आणि हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. हात जरासा थरथरत होता. झालं, रुपराव मनात म्हणाले, व्हायब्रेशन सुरू झालं.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की बाई ठेवणीतली शाल काढत. रुपराव देवाचं नाव घेऊन किक मारत (बटण होतं, पण बटणावर भरवसा कोणाचा?). दोघं तलावाभोवती दोन, तीन, कधी चार फेऱ्या घालत. रुपराव जीव कानात गोळा करून इंजिन ऐकत आणि बाई त्यांच्या पाठीशी बसून आपल्याच तंद्रीत कुठंतरी दूर निघून जात. रुपरावांचं वजन उतरलं. बाईंचा बाम संपायचा थांबला.

एक दिवस कुंपणापाशी शेजारच्या सिंधूताई बाईंना विचारत होत्या, "काय जादू केली वं भाऊजींवर? आमचे त मले बसवायच्या आधीच गाडी काढतेत."

"मी काहीच नाही केलं," बाई म्हणाल्या. "इतके दिवस हे मले नुसते नेत न आणत होते. आता मले फिरवून राहिले, बाई. बोलत नाही, काही नाही, पण ध्यान सगळं माझ्याकडे. या रविवारी आम्ही असंच हळूहळू काटोलले जाणार हाओ, गाडीवर."

आत पेपरमागे बसलेल्या रुपरावांचा पेपर खाली आला. साठ किलोमीटरची धास्ती होतीच. पण त्याहून मोठी धास्ती ही, की बाईंचं हे सगळं सुख एका पोह्यांच्या छापाच्या डब्यावर उभं आहे, आणि ते त्यांना ठाऊक नाही. रुपरावांना स्वतःची लाज वाटली. खरंच वाटली.

शनिवारी सकाळी ते धम्मदीपकडे गेले. त्यानं ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, ऑइल बोटावर घेऊन पाहिलं. गाडी सुरू केली, कान दिला.

"मस्त हाय, काकाजी."

"आवाज?"

"कायचा आवाज? ग्रेड बरोबर हाय, वेळेवर बदलता. घर ते बर्डीचा बाजार जाणाऱ्या गाडीले अजून काय पाह्यजे? दुकानाचं ऑइल बी चालते."

"पक्कं?"

"पक्कं. फक्त एक करा. हे पंधरा-वीसनं रेंगाळणं सोडा. बरेच दिवस अशी चालवली त कार्बन पकडते. जरा पळवत जा."

रुपराव हवेतच घरी आले. संध्याकाळी बाई शाल घेऊन मागे बसल्या, हात खांद्यावर आला, तलाव आला. रुपराव मिनिटभर गप्प राहिले. पण ऐकायला आता काही उरलं नव्हतं, आणि मनावरचं ओझं घेऊन त्यांना काटोल गाठायचं नव्हतं. त्यांनी मान अर्धी मागे वळवली. मार्ट, पोहे, निळा डबा, ग्रेड, देवराव, रडण्याचा आवाज, सगळं एका दमात बाहेर पडलं. गाडी कधी पंचेचाळीसवर गेली, त्यांनाही कळलं नाही.

खांद्यावरचा हात निघाला. मागच्या दांड्यावर गेला.

रुपरावांनी काठाशी गाडी थांबवली. बाई उतरून पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"रागावली का वं?"

"म्हणजे ते सगळं ध्यान इंजिनावर होतं?"

"पहिले इंजिनावरच होतं, खोटं कायले बोलू? मंग इंजिन आयकता आयकता तुझं गुणगुणणं आयकू आलं. तीस वर्षांत मले पत्ताच नव्हता, तू गुणगुणते म्हणून." रुपरावांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. "आता ऑटोनं जायचं असन त जा. पण ते गुणगुणणं माझ्या मागं बसून करत जा."

या दोन गोष्टी एकदम कशा करायच्या, हे बाईंनी विचारलं नाही. त्या गाडीकडे वळल्या.

"आन् धम्मदीप म्हणते, इंजिनाले काहीच नाही झालं?"

"एकदम ठणठणीत!" रुपराव उत्साहानं सुरू झाले. "मी सांगतो न तुले, ऑइलमध्ये मेन गोष्ट काय असते, त पहिले त्याचा ग्रेड, मंग..."

वच्छलाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. शाल अंगाभोवती घट्ट घेतली आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"मंग असं करा," त्या म्हणाल्या, "उद्या काटोलले निघाच्या आधी मार्टमध्ये जा, न याच्याहून हलकं ऑइल भेटते का पाहा."