ओकेचे जनक, मुक्काम माधव नगर

मुलाचं लग्न जमवणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ! त्या रविवारच्या सकाळपर्यंत तरी माझी हीच समजूत होती.

श्रुतीचे आईवडील शहरातल्याच नानाखेड्याहून माधव नगरला आमच्याकडे आले होते. आमच्या मंदारला श्रुती इतकी पसंत, की पोरगा आठ दिवस धड जेवत नव्हता. तिचे वडील शैलेंद्रजी इंग्रजीचे रिटायर्ड प्रोफेसर. म्हटलं, यांना गार करायचंच!

"ओके हा शब्द आमच्या घरचा, बरं का!" पोहे पुढे करत मी सुरू झालो. "आमचे खापरपणजोबा शिंद्यांच्या दरबारात दफ्तरदार. कागद मंजूर झाला की खाली सही, ओढेकर केशव. ओ, के! गोऱ्या साहेबानं पाहिलं आणि थेट विलायतेला नेलं!"

आमच्या सौ. नंदानं कपाळाला हात लावला.

"कागद आहे?" प्रोफेसरांनी विचारलं.

मी विषय बदलणार, तेवढ्यात शेजारचे तात्या उसळले. स्थळ त्यांनीच आणलेलं. "है ना! मी खुद्द पाहिलाय!"

"वा! मग पुढच्या रविवारी बघूच."

झाली का पंचाईत! फ्रीगंजच्या बाजारातून जाड कागद आणला, मोडीसारखं काहीबाही गिरवलं, खाली 'ओ. के.' ठोकलं आणि कागद चहात बुडवून गच्चीवर वाळत घातला.

"अहो, पोराचं लग्न मोडाल! खरं सांगून टाका," नंदा कळवळून म्हणाली.

"तू फक्त बघत रहा!"

रविवारी प्रोफेसरांनी भिंग काढलं. कागद उलटसुलट पाहिला. मग नाकाशी नेला.

"दरबारात आल्याचा चहा चालायचा का हो?"

तात्या चपला शोधायला लागले!

"ओढेकर, ओके जन्मला अमेरिकेत. अठराशे एकोणचाळीस साली बॉस्टनच्या एका पेपरानं 'ऑल करेक्ट' थट्टेनं 'ओ' आणि 'के'नं सुरू होणाऱ्या चुकीच्या स्पेलिंगात लिहिलं, त्याची ही आद्याक्षरं."

मंदारचा चेहरा पार उतरला. मला बघवेना. मी सरळ कान पकडले. "चुकलो साहेब! थापा मी मारल्या. पोरगा सच्चा आहे, त्याला सजा नका देऊ."

श्रुतीची आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो, ह्यांचे पणजोबा तर वाघाशी कुस्ती खेळले होते! तीस वर्षं ऐकतेय मी."

प्रोफेसरांना एकदम खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तारीख काढा."

लग्न पुढच्या महिन्यात आहे, अगत्य यायचं! पत्रिकेचा मजकूर प्रोफेसरांनी लिहिलाय. छापून येईपर्यंत मला दाखवायचा नाही, असं दोन्ही घरांनी एकमतानं ठरवलंय!