दौलतराव परराज्यात जातात

आमच्या गल्लीत पाहुणा आला की आधी दौलतरावांच्या ओट्यापाशी त्याची पिशवी तपासली जाते. "काय आहे जी थैलीत?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न पाहता आत हात घालायचा! दौलतरावांची सारी हयात नगरपालिकेच्या जकात नाक्यावर गेली. पालिकेनं त्यांना निवृत्त केलं, पण नाका काही त्यांच्या अंगातून गेला नाही. माझ्या सासऱ्यांच्या पिशवीतून त्यांनी एकदा लंगोट काढून उजेडात धरला होता. सासरे त्यानंतर दिवाळीलाही आले नाहीत. त्याबद्दल मी दौलतरावांचा ऋणी आहे.

प्रवासाबद्दल त्यांचं मत एकच, तो मूर्खांनी करावा. स्वतः हिंगणघाटापलीकडे गेले नाहीत, पण नाक्यावर बसून त्यांनी सगळी गावं ओळखली म्हणे. "वडनेरचा मानूस गाडीत झोपते, बैल त्याले नाक्यावर आनते. आंजीचे तं बैलही झोपते!"

दारूवरही त्यांचा असाच अधिकार. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे नाक्यावर सापडलेल्या बाटल्या साहेबांसमोर नालीत ओतायचं काम दौलतरावांकडे असे. थेंब कधी जिभेला लावला नाही, पण वासावरून भट्टी सांगत. "सारी नालीनं पेली, मास्तर. तिच्यासारखा बेवडा जिल्ह्यात झाला नाई."

आणि राजकारण? ते सुरू झालं की मी चप्पल शोधायला लागतो. "पुढारी म्हंजे बिनपावतीचा माल! कुठून आला, कुठं चालला, कोनाले पत्ता नाई." राज्यांची फेरमांडणी होऊन वर्धा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं, तेव्हापासून तर त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. एकुलती एक लेक शांता बालाघाटला दिलेली, आणि बालाघाट राहिलं मध्य प्रदेशात. "मले न विचारता पोरगी परराज्यात टाकली! मी तिथं पाय ठेवनार नाई!" जावई बोलावून बोलावून थकला होता.

एकदा हे भाषण ऐन रंगात असताना त्यांच्या बायकोनं, गोदाकाकूंनी, दारातून विचारलं, "राज्य फुटाच्या आंधी तरी कुठं गेलते तुमी?"

दौलतराव रस्त्यानं जाणाऱ्या एकाची थैली तपासायला उठले. मला मजा वाटली. पुढाऱ्यांना पुरून उरणारा माणूस बायकोपुढे गारद!

पुढे चुलतभावाच्या लग्नासाठी मी बालाघाटला निघालो, तेव्हा काकूंनी गळ घातली. "मास्तर, याइले घेऊन जा बाप्पा. पोरगी वाट पाहून राह्यली." दौलतरावांनी गुडघे, दमा आणि पंतप्रधान अशी तिन्ही कारणं सांगून पाहिली. शेवटी काकूंनी त्यांचा कोट माझ्याच हातात दिला.

गोंदिया सुटल्यावर त्यांनी जे डोकं खिडकीबाहेर काढलं, ते आत घेईनात. "काय पाहता?" मी विचारलं.

"नाका."

"कसला नाका?"

"हद्दीचा! दोन राज्यं केली आन् मधात एक नाका नाई? मंग तोडलं काऊन?"

मी इतका हसलो की समोरच्या बाईचं पोर जागं झालं. पण दौलतराव हसले नाहीत. डोकं आत घेऊन हळूच म्हणाले, "नाका राह्यला असता तं तिथूनच परतलो असतो, मास्तर. शांतीच्या लग्नाले नऊ वर्सं झाली, अजून मूल नाई. आमच्यात लेकीले मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पानी पेत नाई. मी जाईन, कोरडाच उठीन, आन् सारं घर तिच्या तोंडाकडे पाहील. त्याच्यापेक्षा राज्यालेच शिव्या दिलेल्या बऱ्या."

एवढी वर्षं मी या माणसाच्या राजकारणाला हसत आलो होतो.

शांताच्या घरी पोचलो. तिची सासू ओसरीवर सुपारी कातरत होती. शांता पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली, तशी सासू माझ्याकडे पाहून, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमचे व्याही पानी पेनार नाईत. तो दिवस आमच्या नशिबी कुठं?"

शांता उंबऱ्यातच थबकली. दौलतरावांनी एकदा विहिणीकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"आन, शांते."

तांब्या त्यांनी तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. अर्धं पाणी कोटावर सांडलं. सुपारी कातरायची थांबली. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

"अजून देऊ, बाबा?" शांतानं विचारलं.

"दे," दौलतराव म्हणाले. "आन् चुलीवर भाकर टाक. मी जेवूनच जाईन."