सावंतकाकांचे भाडेकरू

आमच्या कोपर स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये कोणी नवीन राहायला आलं, की सावंतकाका नमस्कार करत नाहीत. "हात बघू," म्हणतात. माणसाला वाटतं, काका भविष्य सांगतात. तो खुशीत तळवा पुढे करतो. काका तो उलटा करतात, चष्मा कपाळावर चढवून नखं न्याहाळतात आणि म्हणतात, "वाढलीयत. पोटात भाडेकरू येतील."

भाडेकरू म्हणजे जंत. काकांनी कल्याणच्या एका लॅबमध्ये पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपखाली लोकांचे शौचाचे नमुने तपासले. त्यामुळे विषय कुठलाही काढा, काका जंतांवर येणार. सोसायटीच्या पूजेला उपम्यावर कोथिंबीर दिसली आणि काकांनी भर मांडवात विचारलं, "ही कोणी धुतली? किती पाण्यातून?"

सेक्रेटरी वैतागले. "अहो काका, पूजेच्या दिवशी तरी सोडा!"

"मी सोडेन हो, अंडी सोडतील का? मातीतून भाजीवर, भाजीवरून हातावर, हातावरून पोटात. एकेक मादी दिवसाला लाखाच्या वर अंडी घालते! आणि आपल्याला पाण्याची टाकी धुवायला तीन मीटिंगा लागतात."

त्या दिवशी उपमा बराच उरला.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या लताताई कधीकधी त्यांच्या मुलीला, परीला, सोबत आणायच्या. सहा वर्षांची, काडीसारखे हातपाय, पोट तेवढं पुढे. "खाते खूप, पण अंगाला लागत नाही. नजर लागलीय," असं लताताई म्हणायच्या. काकांनी तिची नखं पाहिली आणि सांगितलं, "नजर नाही, भाडेकरू. दवाखान्यात ने, तपासून घे." लताताई हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसलो.

महिनाभराने एका सकाळी लताताई परीला कडेवर घेऊन धावतच आल्या. पोर पोट धरून कळवळत होती, सारखी उलटी होत होती. पोट टम्म फुगलेलं. मी काकांना हाक मारली. म्हटलं, "काका, जंतांची एखादी गोळी असेल तर द्या पटकन."

काकांनी परीच्या पोटावर नुसता हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "गोळी नाही! आत्ता काही म्हणजे काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आतड्यात गुंता होऊन बसला असेल. रिक्षा बोलाव!"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तेच म्हणाले. जंतांच्या गुंत्याने आतडं अडलं होतं. सलाइन लागलं, नाकातून नळी गेली. उतार पडला नसता तर ऑपरेशन करावं लागलं असतं. दोन दिवस काका बाकावरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोट मोकळं झालं, मग डॉक्टरांनी औषध सुरू केलं. परी घरी आली आणि काकांनी तिच्या चाळीतल्या सगळ्या पोरांना रांगेत उभं करून नखं कापली. रडणाऱ्यांचीसुद्धा.

पुढच्या रविवारी माझ्या बायकोने, माधवीने, काकांना जेवायला बोलावलं. मला म्हणाली, "मन घट्ट कर. श्रीखंड वाढलं की सुरू होतील."

काकांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पानावर बसले आणि चक्क गप्प. पालेभाजी आली, कोशिंबीर आली. एक अक्षर नाही. शेवटी मलाच राहवेना. "काका, आज काहीच नाही?"

"जेवताना नाही," ते पानाकडे बघत म्हणाले. "आमच्या हिची सक्त ताकीद होती. पानावर तो विषय काढायचा नाही. पण हात धुऊन आलो, की बडीशेप पुढे करायची आणि आपणहून विचारायची, 'हं, सांगा आता, आज काय काय दिसलं?' रोज, हो. जाऊन सहा वर्षं झाली तिला. आता जेवण झाल्यावर काय करायचं, तेच कळत नाही."

मी भाताशी चाळा करत राहिलो.

काका हात धुऊन आले. माधवीने बडीशेपेची वाटी त्यांच्यापुढे ठेवली, खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "हं काका, सांगा आता."