ग्रिलवरचं पहिलं दूध

हरेश मढवी नुसता 'बघून येतो' म्हणून गेला होता.

ज्यांच्या घरात हरेशसारखा नवरा आहे त्यांना ठाऊकच असेल, की 'बघून येतो' म्हणून गेलेला माणूस रिकाम्या हाताने कधी परत येत नाही. मागे एकदा तो असाच ट्रेडमिल बघून आला होता. त्यावर आजवर घरातलं कुणी धावलेलं नाही, पण टॉवेल छान वाळतात. त्यामुळे त्या रविवारी खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला तेव्हा त्याच्या बायकोने, उन्नतीने, खिडकीतून न बघताच विचारलं, "काय आणलं?"

आणला होता गॅसवर चालणारा, चिकन-मासे भाजायचा ग्रिल. सेकंडहँड. सुलेमान मुकादम हा हरेशचा कॉलेजपासूनचा दोस्त, द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर. कुठलासा परदेशी साहेब देश सोडून गेला आणि त्याचा ग्रिल त्या गोदामाच्या कोपऱ्यात पडून राहिला. "इम्पोर्टेड माल हाय, हरेशशेठ," सुलेमान म्हणाला होता. "जरा पुसून घेतलास का नवा होतोय." (सुलेमानने स्वतः तो का पुसून घेतला नाही, हा प्रश्न हरेशला खारघरला घरी पोचल्यावर पडला.)

मढवींची जमीन सरकारने घेतली, मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेतला प्लॉट मिळाला आणि त्यावर तीन मजली इमारत उभी राहिली. खाली भाडेकरू, वरच्या मजल्यावर हरेश, उन्नती आणि हरेशची आई पुतळाबाई. घराला लागूनच मोठी गच्ची. टेम्पोवाल्याने आणि दोन भाडेकरूंनी मिळून ते धूड गच्चीवर चढवलं. हरेशने मोठ्या ऐटीत झाकण उघडलं, तर आतून एक पाल उडी मारून थेट त्याच्या शर्टावर आली. त्याने किंकाळी फोडून झाकण सोडलं, आणि ते त्याच्याच अंगठ्यावर पडलं.

"आरं ह्यो काय हाय?" पुतळाबाई पदराने नाक दाबत म्हणाल्या. "पेटी का चूल?"

"ग्रिल आहे, आई."

"त्याच्यात उंदरानं घर केलंय."

केलं होतं खरं. व्यवस्थित, कापूस-बिपूस अंथरून.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्टच झाली नसती. पण त्याच संध्याकाळी उन्नतीच्या वडिलांचा, कमळाकर ठाकुरांचा, उरणहून फोन आला. उन्नतीचा धाकटा भाऊ प्रीतम याचं लग्न ठरलं होतं. बहिणीकडून केळवण व्हायलाच हवं होतं. उन्नती बोलत असतानाच हरेशने फोन ओढून घेतला आणि तो सासऱ्यांना म्हणाला, "मामा, केळवण आमच्याकडे! आणि जेवण मी बनवणार. ग्रिलवर. स्वतःच्या हाताने!"

पलीकडे सासूबाईंनी 'देवा!' म्हटलेलं स्पष्ट ऐकू आलं.

त्याला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हरेशने सासुरवाडीचा बिघडलेला मिक्सर 'दोन मिनिटांत' दुरुस्त करून दिला होता. त्याच्या चटणीचे डाग अजून छतावर आहेत. तेव्हापासून त्या घरात जावयाने पंख्याकडे नुसतं बघितलं तरी सासूबाई बटण बंद करतात. हरेशच्या मनाला ते फार लागलं होतं. प्रीतमच्या हळदीला अख्ख्या गावासमोर आपलं ग्रिलचं काउंटर लागावं, लोकांनी ताटं घेऊन रांग लावावी आणि 'हे कमळाकरशेठचे जावई' असं एकमेकांना सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती. केळवण जमलं की तो सासऱ्यांकडे तेवढंच मागणार होता.

"तुमाला जमणार का?" उन्नतीने विचारलं. "नाय जमलं ना, तर माहेरी जन्मभर मला ऐकून घ्यायला लागेल. तुमाला नाय, मला."

"टेन्शन घेऊ नकोस," हरेश म्हणाला. हे वाक्य ऐकलं की उन्नतीला हमखास टेन्शन येतं.

मग सुरू झाला जीर्णोद्धार. मोबाईलवर एक दाढीवाला गोरा गृहस्थ असलाच ग्रिल दहा मिनिटांत चकाचक करून दाखवायचा. हरेशचे पुढचे सगळे रविवार त्या दहा मिनिटांत गेले. सगळे स्क्रू काढून पोह्यांच्या डब्यात ठेवले. त्यातला एक पुतळाबाईंच्या दाताखाली सापडला. जाळ्या चिंचेच्या पाण्यात बुडवल्या, त्यासाठी आंघोळीची मोठी बादली अडकून पडली आणि घर आठवडाभर तांब्याने आंघोळ करत राहिलं. चिकटा काढायला आणलेल्या फवाऱ्याने चिकटा सोडून गच्चीच्या फरशीचा रंग निघाला. बर्नरच्या नळ्यांतली भोकं इतकी बुजलेली की हरेश आईची गोधडीची सुई घेऊन एकेक भोक टोचत बसायचा. ऑफिसातून आला की चहा आणि भोकं. पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दुकानातून त्याने उष्णतेला टिकणारा काळा रंग आणला आणि हात चालतोय म्हटल्यावर झाकणावरचं तापमानाचं घड्याळही रंगवून टाकलं. पुढे ते ब्लेडने खरवडलं तेव्हा अर्धा काटा दिसायला लागला. जोडणी झाल्यावर तीन स्क्रू उरले. (कंपनीने जास्तीचे दिले असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.)

पण पेटला! घरातला जादा सिलेंडर जोडला, नळीला साबणाचं पाणी लावून गळती तपासली, बटण दाबलं, टक्-टक् झालं आणि तिन्ही बर्नरवर निळी ज्योत सळसळत गेली. हरेशच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दुरुस्त केलेली वस्तू दुरुस्त झाली होती. उन्नतीलाही विश्वास बसेना. तिने त्या ज्योतीचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला, तोही हरेशसकट.

केळवणाचा दिवस उजाडला. उन्नतीने घरच्या मसाल्यात चिकन आणि पापलेटं लावून ठेवली होती. हरेश नवा एप्रन बांधून, चिमटा घेऊन ग्रिलजवळ गेला, तर समोर पुतळाबाई उभ्या. एका हातात हळदकुंकवाची वाटी, दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं.

"पयल्या आगीवर मटन-मच्छी नाय ठेवाची," त्या म्हणाल्या. "आदी दूध उतू घालवायचं. मंग काय ते कर."

"आई, ते नव्या घरात करतात."

"नवी चूल ती नवी चूल. ह्या बिल्डिंगीत आलो तवा दूध उतू घालवलं म्हनून भाडेकरू टिकले."

सुनेलाही सासूचं पटलं. शुभ कार्याचं जेवण, उगाच मनात शंका नको. पुतळाबाईंनी ग्रिलला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि हरेश 'अगं आई, नको!' म्हणेपर्यंत ग्रिलच्या बाजूच्या फळीवर नारळ आपटला. नारळ फुटला नाही, फळी वाकली. दुसऱ्या फटक्यात दोन्ही कामं पूर्ण झाली.

पातेलं जाळीवर चढलं. दूध फुगलं, वर आलं आणि पूर्वेकडून भरभरून उतू गेलं. पुतळाबाईंनी समाधानाने हात जोडले. घरातल्या शेगडीवर उतू गेलेलं दूध ओट्यावर सांडतं. ग्रिलला ओटा नसतो. जाळीखाली थेट बर्नर, आणि बर्नरला हरेशने सुईने मोकळी केलेली ती सगळी भोकं. दूध चुरचुरत तिथे उतरलं आणि तिन्ही ज्योती विझल्या. वर रणरणतं ऊन, त्यात निळी ज्योत असली काय आणि नसली काय, कुणाला दिसतेय! धूर मात्र भरपूर होता, त्यामुळे सगळं पेटलेलंच वाटत होतं.

"आता झाकण लावून जरा तापू द्यायचा," हरेश म्हणाला. दाढीवाल्या गोऱ्याने तसंच सांगितलं होतं. त्याने पातेलं उतरवलं, झाकण लावलं आणि काट्याकडे बघत बसला. काटा हलेना. रंग अडकला असेल, असं म्हणून त्याने गॅस मोठा केला. तरी हलेना. मग त्याला वाटलं, एखादा बर्नर विझला असेल. आणि झाकण तसंच ठेवून त्याने बटण दाबलं.

टक्.

धडाम्!

झाकण फाडकन उघडून मागे आपटलं. हार उडून पाण्याच्या टाकीवर पडला. गल्लीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली आणि खालचे भाडेकरू पोरंबाळं घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहिले. हरेश होता तिथेच उभा होता. चिमटा हातात, तोंड उघडं, आणि डोळ्यांच्या वर जिथे देवाने भुवया दिल्या होत्या तिथे नुसती गुळगुळीत कातडी.

"आरं बोल!" पुतळाबाईंची बोबडी वळली होती. "हरेश, कायतरी बोल!"

"केळवण..." हरेश म्हणाला.

उन्नती धावत आली. तिने आधी सिलेंडरचा गॅस बंद केला, मग नवऱ्याला चाचपून बघितलं. भाजलं नव्हतं कुठे, हे बघून तिच्या जिवात जीव आला आणि जीव आल्याबरोबर ती ओरडली, "झाकण लावून कोण पेटवतं?" पुतळाबाईंनी तोवर रेग्युलेटर काढून सिलेंडर ओढत ओढत हॉलमध्ये नेला, सोफ्याजवळ ठेवला आणि वर चादर टाकली. अवदसा नजरेआड झालेली बरी, असा त्यांचा हिशेब. हरेशने ग्रिलमध्ये डोकावलं. बर्नरवर दुधाचा काळा थर करपून बसला होता. एक भोक दिसत नव्हतं. त्याला अगदी रडू कोसळलं.

तेवढ्यात उन्नतीचा फोन वाजला. कमळाकरशेठ होते. "उन्ने, आमी आलो गो. खाली गाडी लावतोय."

उन्नतीने एक खोल श्वास घेतला. अशा वेळी बायकांना कुठून एवढं सुचतं देव जाणे. चिकन आणि मासे आत शेगडीवर, तव्यावर. तयार झालं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हळूच बाहेर. हरेशने ते जाळीवर मांडायचं, चिमट्याने उलटंपालटं करायचं आणि वाढायचं. पुतळाबाईंनी एका वाटीत पेटता निखारा ठेवला, त्यावर तूप सोडलं आणि वाटी जाळीखाली सरकवली, म्हणजे धूरही निघाला. राहिल्या भुवया. त्या उन्नतीने आपल्या पेन्सिलने काढल्या, पण जिन्यात पावलं वाजत होती म्हणून उजवी जरा वर गेली. त्यामुळे हरेश दिवसभर अर्ध्या चेहऱ्याने आश्चर्यचकित दिसत होता.

पाहुणे आले. कमळाकरशेठ हॉलमध्ये सोफ्यावर ऐसपैस बसले. प्रीतम आणि त्याची होणारी बायको मनस्वी थेट गच्चीवर. मनस्वीने मोबाईल काढून व्हिडिओच सुरू केला.

"जीजू, टेम्परेचर किती ठेवता?"

"अंदाजाने," हरेश म्हणाला. घाम एका भुवईकडे सरकत होता.

"वास काय भारी येतोय! मी एक पीस पलटी करू?" म्हणत प्रीतम पुढे आला, त्याचा पाय तुटून लोंबणाऱ्या फळीला अडखळला आणि तोल सावरायला त्याने अख्खा पंजा जाळीवर टेकवला.

"हात!!" हरेश जिवाच्या आकांताने ओरडला.

खिडकीत उन्नतीच्या हातातला झारा खाली पडला. मनस्वी किंचाळली. प्रीतमने डोळे मिटून घेतले, मग एक उघडला, मग दुसरा. पंजा जाळीवर तसाच होता.

"जीजू... हा थंड हाय."

हरेशने चिमट्याने एक तुकडा उगाचच उलटवला.

"इम्पोर्टेड आहे," तो शेवटी म्हणाला. "वरून थंड राहतो. उष्णता डायरेक्ट चिकनमध्ये जाते."

"काय टेक्नॉलॉजी हाय!" प्रीतम म्हणाला, आणि त्याने सगळ्यांना हात लावून बघायला लावलं.

जेवण असं रंगलं की विचारू नका. ताटाभोवती रांगोळी, फोटो, उखाणा, सगळं झालं. पापलेटं कमी पडली. कमळाकरशेठ फार बोलले नाहीत, पण तीनदा मागून घेतलं. हरेशला हळूहळू खरंच वाटायला लागलं, की हे सगळं आपणच केलं. (माणसाचं असंच असतं. कौतुक दोनदा ऐकलं की पुरावा लागत नाही.) पाहुणे निघाले तेव्हा सासऱ्यांना सोडायला तो जिन्याने खाली आला, आणि बाकीची मंडळी पुढे गेलेली बघून त्याने विषय काढलाच.

"मामा, प्रीतमच्या हळदीला... आपलं एक काउंटर लावायचा विचार होता."

कमळाकरशेठ चपलेत पाय घालता घालता थांबले. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावय, कोंबडी एक नंबर झालेली. पापलेट तर बोलाचं कामच नाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "उन्नीच्या हाताची चव मी ती फ्रॉकमध्ये होती तवापासून वलखतो."

हरेशच्या पायाखालची पायरी सरकली.

"आनि मी जेवान होईस्तर त्या सोफ्यावर बसलेलो. पाय टेकवाला चादरीखाली काय गोल गोल लागलं म्हनून बगितलं, तं सिलिंडर. तुमचा ग्रिल बाहेर, सिलिंडर माझ्या पायाखाली." त्यांनी हरेशच्या पाठीवर दोनदा थोपटलं. "घाबरू नका. मी कुनाला बोलनार नाय. माझ्या पोरीचं नाव हाय त्याच्यात. आनि तुमी तिच्यासाठी एवढी धडपड केली, त्ये काय मना दिसत नाय?"

हरेशने वाकून सासऱ्यांच्या पायाला हात लावला.

"मग मामा, काउंटर...?"

"देतो ना! शब्द हाय माझा," कमळाकरशेठ म्हणाले. "मांडवात शिरलं का पयलं काउंटर तुमचं. प्याच्या पान्याचं. त्ये पेटवाला लागत नाय."