व्हेनेझुएलाच्या शेजारी

बापाच्या दहाव्यात माऊलीला एकच फायदा दिसत होता, तो म्हणजे आप्पा बोलणार होते.

माऊली दौंडच्या एका कॉलेजात तासावर शिकवायचा आणि लोकांना भुलवणाऱ्या पुढाऱ्यांवर पीएचडी करायचा. ब्राझील, हंगेरी, व्हेनेझुएला, फिलिपिन्स असे देशोदेशीचे पुढारी त्याने एका तक्त्यात बसवले होते. कोण स्वतःला जनतेचं लेकरू म्हणवतो, कोण शत्रू दाखवतो, कोण रडतो, असे रकाने. शेवटचा रकाना, 'शब्द पाळला का?' जवळपासचा एखादा नमुना प्रत्यक्ष ऐका, असं गाईड मॅडमनी सांगितलं होतं. तालुक्याचे पुढारी आप्पा मुलाखतीला वेळ देत नव्हते, पण दहावा कुणाचाच चुकवत नव्हते. म्हणून इनामगावच्या घाटावर, डोकं भादरून उघड्या अंगानं बसलेल्या माऊलीच्या मांडीखाली मोबाईल रेकॉर्डिंगला लावलेला होता.

गेलेले सर्जेराव, म्हणजे आबा, गावचे माजी सरपंच. दिवाळीत त्यांनी तो तक्ता लॅपटॉपवर पाहिला होता.

"ह्यात मी कुठाय?"

"आबा, हे देशांचे पुढारी हायेत."

"मग? मी बी गड्यांसंगं बांधावर भाकर खाल्ली, बीडीओला शिव्या घातल्या, घरोघर नळ आणतो म्हनलो."

"आणला का नळ?"

"ह्यांनी आणलं का सांगितलेलं?"

"न्हाई."

"मग मी कशात कमी पडलो?"

माऊली हसला होता. "तुम्ही लई बारके, आबा. तळटिपेत बी बसायचे न्हाईत."

आबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत परत एकदा वाचला.

"मी पुढारी न्हाई, मी तुमचं लेकरू!" घाटावर आप्पा माइकवर गरजले.

"एक झाला," माऊली शेजारी बसलेल्या बहिणीला, सुलक्षणाला, कुजबुजला.

"पुण्यात एसीत बसलेल्या सायबांनी सर्जेरावांच्या नळाची फाईल दाबली!"

"शत्रू आला. आता रडतील बघ."

आप्पांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"दादा," सुलक्षणा म्हणाली, "बाप गेलाय आपला."

पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे सभेला आल्यासारखे दाटीवाटीनं बसले होते, पण खाली कुणी उतरेना. "कायतरी इच्छा ऱ्हायली म्हाताऱ्याची," मागून कुणीतरी म्हणालं. आप्पांच्या हातात माइक होताच.

"सर्जेराव, तुमच्या नावानं वेशीवर कमान बांधतो!"

कावळे ढिम्म.

विरोधी गटाचे आण्णा उठले. "कमानीखाली काय सावली पडती का? आम्ही सभामंडप देतो!"

एका कावळ्यानं मान वळवली. आण्णांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"सभामंडप, आन् वर सोलर!" आप्पा म्हणाले.

"अख्खा घाट नवा बांधतो!"

बोली चढत गेली आणि भात वाळत गेला. गुरुजींना पुढं वडगाव रासाईचा दहावा गाठायचा होता. "आता दर्भाचा कावळा करून लावतो," ते म्हणाले, "म्हणजे सगळेच मोकळे."

"न्हाई, खराच पायजे." मागं बायकांत बसलेली सारजाबाई, माऊलीची आई, बोलली. मग माऊलीकडं न बघता म्हणाली, "त्यांना कमान नको का मांडव नको. अंथरुणावर पडल्यापास्नं एकच चाललं हुतं, पोरानं परमुलखातले सगळे कागदावर घेतले, मला तेवढं न्हाई घेतलं."

माऊलीनं हात जोडले. "घेतो, आबा," तो पुटपुटला.

"मोठ्यानं म्हणा," गुरुजी म्हणाले.

"आबा! तळटिपेत न्हाई, तक्त्यात घेतो! व्हेनेझुएलाच्या शेजारी!"

एक थोराड कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि भाताला शिवला. सुलक्षणाला हुंदका आवरेना. माऊलीही रडत होता, आणि हे कुठल्या रकान्यात बसतं ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

"बघितलंत?" आप्पांनी माइक पुन्हा ओढला. "कमानीचा शब्द दिला आन् सर्जेराव तृप्त झाले!"

टाळ्या पडल्या. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, हे कुणाला आठवलं नाही.

पुढं गाईड मॅडमनी तक्त्याचं प्रकरण वाचलं. "एवढ्या देशांच्या पंगतीत माजी सरपंच? ही ओळ काढा, मग सही करते."

घरी येऊन माऊलीनं घाटावरचं रेकॉर्डिंग लावलं. आप्पांनंतर आणखी एक आवाज होता, गर्दीपुढं शब्द देणारा, रडवेला, त्याचा स्वतःचा. त्या आवाजाचेही रकाने भरत होते, 'शब्द पाळला का?' हा शेवटचा तेवढा अजून मोकळा होता. त्यानं ओळ काढली नाही. मॅडमनी सही केली नाही.

वर्षश्राद्धाला सारजाबाईनं विचारलं, "हायेत ना अजून तितंच?"

"हायेत."

"संगं कोण हाय?"

"मोठी माणसं हायेत, आई."

आप्पांना टाळ्या मिळाल्या, कावळ्याला भात, गावाला कमानीसाठी खणलेले दोन खड्डे. आबांना दोन देशांच्या मधली जागा मिळाली, शेवटच्या रकान्यात 'नाही' असूनही. माऊली अजून तासावरच शिकवतो.