हिराकाकांचं दार

हिराकाका आपल्याच घराचं कुलूप काढत, पण लगेच दार ढकलत नसत. आधी टकटक करत, कान देऊन थांबत आणि मगच आत जात. आत कोणी नसायचं. मंजूकाकी जाऊन बरीच वर्षं झालेली.

मोहन्याच्या चाळीत त्यांची आणि आमची भिंत एकच. काका जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होते. कुठल्याशा बंदरातून त्यांनी स्पॅनिश भाषेतला एकच शब्द आणलेला, तोकार. हात लावणं म्हणजे तोकार, पेटी वाजवणं तोकार, दार वाजवणंही तोकार. तुझी पाळी आली तर 'ते तोका'. नळावर भांडण लागलं की काका माझी बाजू घेऊन ओरडत, "ए शेवंते, हंडा हटव! आता सुमनला तोका!" मांजर सुकटीच्या डब्याकडे वळलं की, "नो तोकार!" मांजरालाही ते कळायचं.

मी मुलखाची लाजरी. कालवणाची वाटी घेऊन त्यांच्या दारात जायचे, पण दार वाजवायला हात धजायचा नाही. नुसत्या बांगड्या हलवत उभी राहायचे. "अगो, तोकार! दार काय चावतंय?" काका आतून हसायचे.

एकदा धीर करून विचारलं, "काका, रिकामं घर कशाला वाजवता?"

"मी बोटीवर, ती घरात एकटी. माझी टकटक वलखूनच कडी काढायची. एकदम शिरलो तर घाबरंल ना."

त्याच आठवड्यात, काका बाजारात गेलेले असताना, भिंतीपलीकडे आतली कडी सरकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर कुलूप तसंच.

पुढं चाळ पाडायची ठरली. मुलगा काकांना माजिवड्याच्या फ्लॅटवर न्यायला आला. काका अडून बसले. "तिकडं बेल हाय. बेल ती वलखत नाय. मी आलो हे तिला कसं कळंल?" शेवटी दार कडीसकट उचकटून टेम्पोत चढवलं.

"बाबा, लोक हसतील," सून म्हणाली.

"हसूं दे. नो तोकार."

परवा त्यांना भेटायला गेले. दार त्यांच्या खोलीत भिंतीला टेकवून उभं होतं, कडीची बाजू भिंतीकडे. काकांना आता खाटेवरून उठवत नाही.

"चार दिस वाजवलं नाय," ते म्हणाले. "वाट बघत असंल. सुमन, ते तोका."

जन्मात पहिल्यांदा मी दार वाजवलं. काकांची टकटक भिंतीतून इतकी वर्षं ऐकलेली, हुबेहूब तशीच.

फळी आणि भिंतीच्या मध्ये बोट शिरेल एवढीही जागा नव्हती. तिथं कडी सरकली.

काकांनी डोळे मिटले. "आलो गो," म्हणाले.